सिनेमातला नेता आणि खरा नेता: नक्की कोण कोणावरून?

विंगेतून (धागालेखक)

‘सिंहासन’चा विषय निघाला की पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच, त्यातला मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे नक्की कोण हो? मग एक जण वसंतराव नाईक म्हणतो, दुसरा शंकरराव चव्हाण, तिसरा वसंतदादा. आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे शरद पवार, हे तर लोक इतक्या ठामपणे सांगतात की जणू लेखक अरुण साधूंनी यांच्या कानात सांगितलं होतं. आता जरा सनावळी बघा. ‘सिंहासन’ कादंबरी १९७७ ची. पवार वसंतदादांच्या सरकारातून बाहेर पडून पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल) मुख्यमंत्री झाले जुलै १९७८ मध्ये, वय वर्षं ३७. सिनेमा आला १९७९ ला. म्हणजे कागदावरचं बंड आधी आणि खरं नंतर. त्यातही दाभाडे धडपडतो आणि फसतो, खरा बंडखोर थेट खुर्चीवर जाऊन बसला. मग कोणी कोणावरून घेतलं म्हणायचं?

तर विषय असा की कथा-कादंबरी, नाटक, सिनेमा, सिरीज यातला कुठला पुढारी तुम्हाला खऱ्यासारखा वाटतो, कोणासारखा वाटतो आणि कुठे साफ खोटा वाटतो. चरित्रपट नकोत, तिथे नावच दिलेलं असतं.

माझं मत आधीच टाकून ठेवतो. ‘हा म्हणजे तो’ ओळखायचा खेळ मजेचा आहे, मीही खेळतो, पण एकदा का तुम्ही पात्राला आधारकार्ड दिलं की ते पात्र लहान होतं. जिवाजीराव आजही बघवतो त्याचं कारण तो कुठल्याच एका माणसाला पूर्ण बसत नाही.

अर्धवटराव

पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर व्हायला, म्हणजे भांडणाचा आखाडा व्हायला, किती प्रतिसाद लागतात बघू. माझी पैज बारा.

निळूभक्त

आमच्यासाठी पुढारी म्हणजे एकच, ‘सामना’मधला हिंदुराव धोंडे पाटील. बाकी सगळे त्याच्या पंगतीत वाढपी. जब्बार पटेल, तेंडुलकर, निळूभाऊ, डॉ. लागू, सगळी भट्टी एकदम जमलेली, १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला सिनेमा आहे, उगाच नाही. त्यातला साखर कारखान्याचा चेअरमन बघा, तो वाईट आहे हे आपल्याला माहीत असतं आणि तरी तो घरात बसलेला असला की आपण त्याच्याकडेच बघत राहतो. दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी गप्पा मारतो. कशासाठी? हौस म्हणून. सत्ता पोट भरून झाली की माणसाला श्रोता लागतो, हे इतकं बारीक निरीक्षण आहे ना, की कुठल्याही कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर संध्याकाळी जाऊन बसा, एक हिंदुराव आणि चार ऐकणारे सापडतीलच.

आणि गंमत अशी की हे करणारा माणूस स्वतः राष्ट्र सेवा दलाचा, पक्का समाजवादी. आयुष्यभर ज्यांच्या विरोधात उभा राहिला त्यांना पडद्यावर अमर करून गेला.

सुमेधा_क

निळूभक्त, सिनेमा थोरच आहे, पण मला त्याच्याशी एक जुनं भांडण आहे, इथे मांडते.

‘सामना’त दोन माणसं समोरासमोर उभी आहेत. एकीकडे मास्तर, जुना स्वातंत्र्यसैनिक, फाटका, दारूत बुडालेला. दुसरीकडे हिंदुराव, सहकाराच्या जोरावर गब्बर झालेला. गोष्ट म्हणून हे फार छान दिसतं, की ज्यांनी स्वातंत्र्य आणलं ते गटारात आणि ज्यांनी ते खाल्लं ते गादीवर. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ही दोन माणसं नव्हतीच, एकच माणूस होता! वसंतदादा पाटील घ्या. १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळाले, गोळी लागली. तेच पुढे सांगलीच्या साखर कारखान्याचे सर्वेसर्वा आणि राज्याचे मुख्यमंत्री. रत्नाप्पा कुंभार भूमिगत चळवळीतले, नंतर संविधान सभेचे सदस्य, आणि पंचगंगा कारखानाही त्यांचाच. नागनाथअण्णा नायकवडी प्रतिसरकारवाले, त्यांनी वाळव्याला हुतात्मा कारखाना उभा केला आणि शेवटपर्यंत साधेच राहिले.

म्हणजे खरी गोष्ट तेंडुलकरांनी लिहिली त्यापेक्षा अवघड आहे. तुरुंग फोडणारा माणूस चेअरमन होतो तेव्हा त्याच्या आत नेमकं काय होतं, किंवा त्याच्या पुढच्या पिढीत काय होतं? मास्तर आणि हिंदुराव एकाच अंगात राहतायत, असा सिनेमा कोणी काढलाच नाही. खलनायक वेगळा काढून ठेवला की प्रेक्षक सुटतो.

निळूभक्त

सुमेधाताई, मुद्दा जबरी आहे, पण दोन तासांच्या सिनेमात एका माणसाची तीस वर्षं कशी दाखवणार? आणि १९७५ पर्यंत सहकारात हिंदुराव तयार झाले होते की नव्हते? प्रवरानगरला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी सुरुवात केली तेव्हाची भावना वेगळी, पंचवीस वर्षांनी कारखान्याच्या निवडणुकीत जे चालायचं ते वेगळं. तेंडुलकर दुसऱ्याबद्दल लिहीत होते. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा सिनेमातला प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता.

सुमेधा_क

विचारायला हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की तो प्रश्न मास्तरने स्वतःलाही विचारलेला बघायला आवडला असता.

गावठी_विश्लेषक

नागनाथअण्णांचा उल्लेख केल्याबद्दल सुमेधाताईंना साष्टांग. बाकी सिनेमात साधा पुढारी दाखवला की तो तिसऱ्या रीळात मरतो. मेल्याशिवाय चांगला होताच येत नाही बिचाऱ्याला.

कारकून

बराच काळ एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत काढला आहे (कुठल्या ते विचारू नका), त्यामुळे खरे पुढारी पडद्यावर नव्हे तर कागदावर बघितलेत. सिनेमावाल्यांची एक गोष्ट मला कायम खटकते, त्यांचा मंत्री सारखा ओरडत असतो. फोन आपटतो, कलेक्टरला दम देतो, फाईल फेकतो. अहो, जो ओरडतो त्याच्या हातात काही नसतं हे आमच्याकडचा शिपाईसुद्धा सांगेल.

बदल्यांचा मोसम आला की शिफारसपत्रांचा पाऊस पडायचा. माणूस पत्र घेऊन यायचा, लेटरहेड जाड, खाली सही झोकदार, वर शेरा ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’. आणणारा इतका खूष असायचा की बदली झालीच. आमचे हेडक्लार्क पत्र घ्यायचे, आवक नोंद करायचे, पोच द्यायचे आणि फाईलीला लावून टाकायचे. कारण खरं काम असेल तर पत्राच्या आधी पीएचा फोन यायचा, आणि तोही अतिशय गोड, ‘काय साहेब, जेवण झालं का? एक माणूस येईल, जरा बघा.’ बस. फोन आला नाही तर पत्र म्हणजे मतदाराला दिलेला प्रसाद. पुढाऱ्यालाही ते माहीत, आम्हालाही माहीत, फक्त पत्र आणणाऱ्याला माहीत नाही. आणि काम झालं नाही तर शिव्या कोणाला? आम्हाला. साहेबांनी तर पत्र दिलंच होतं!

हे पडद्यावर दाखवायचं म्हटलं तर काय दाखवणार, एक माणूस गोड बोलतोय आणि दुसरा कागदाला टाचणी लावतोय. ‘सिंहासन’मध्ये निदान अरुण सरनाईक शांत आहेत. मुख्यमंत्री घाबरलाय हे त्यांच्या आवाजात येत नाही, डोळ्यात येतं. त्यामुळे माझं मत जिवाजीरावाला.

अर्धवटराव

कारकूनकाका, ‘मतदाराला दिलेला प्रसाद’ फ्रेम करून लावतोय.

रातकिडा

तुम्ही कसले जिवाजीराव न हिंदुराव घेऊन बसलाय, कुठल्याही लेखकाने २३ नोव्हेंबर २०१९ लिहून दाखवावं. लोक रात्री झोपले तेव्हा एक सरकार येणार होतं, उठले तेव्हा दुसरंच आलेलं. राष्ट्रपती राजवट उठली पहाटे ५.४७ ला. शपथविधी तसा आठच्या सुमारास झाला पण सगळे पहाटेचाच म्हणतात, कारण आठला उठणाऱ्यांसाठी ती पहाटच. आणि २६ ला राजीनामा! ही पटकथा घेऊन निर्मात्याकडे गेला असता तर त्याने चहासुद्धा पाजला नसता, म्हणाला असता, जरा लॉजिक ठेव रे बाबा.

मनवा

रातकिडा +१. आणि २०२२ ला गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगार, हाटील! एवढा अस्सल संवाद गेल्या वीस वर्षांत एका मराठी राजकीय सिनेमात आला असेल तर दाखवा.

तात्या_टीकाकार

विनोद ठीक आहे, पण रातकिडा आणि मनवा ज्यावर हसतायत त्याच्या मागे कायदा आहे, आणि तो लक्षात न घेता आपले लेखक अजून १९७९ मधलंच राजकारण लिहितायत. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

‘सिंहासन’ आला तेव्हा पक्षांतरबंदी कायदाच नव्हता. १९६७ ला हरयाणात गयालाल यांनी इतक्या झटपट पक्ष बदलले की आयाराम-गयाराम हा शब्दच रूढ झाला. त्या काळात आमदार एकेकटा फुटायचा. म्हणून ‘सिंहासन’चं सगळं नाट्य एकेका आमदाराच्या, एकेका मंत्र्याच्या मनात चालतं, कोणाला काय हवंय, कोण किती दुखावलाय. मग १९८५ ला राजीव गांधींच्या काळात ५२ वी घटनादुरुस्ती आली, दहावी अनुसूची. तिच्यात एक पळवाट होती, एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती ‘फूट’ धरायची आणि आमदारकी वाचायची. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने तीही बंद केली. आता दोन तृतीयांश आणि तेही विलीनीकरण. त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळावर सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे आपल्या २८८ च्या विधानसभेत मुख्यमंत्री धरून ४३ मंत्री. आधी नाराज माणूस दिसला की राज्यमंत्रीपद फेकायचं, आता मोजकीच ताटं आणि पंगत मोठी.

याचा परिणाम असा की बंडाला आता घाऊक माल लागतो. एकटा दाभाडे आज काहीच करू शकत नाही, त्याला दोन-तीन डझन माणसं एकत्र उचलून, फोन काढून घेऊन, राज्याबाहेर एका छताखाली ठेवावी लागतात. हॉटेल, बस, विमान हे सगळं त्या आकड्यामुळे आलंय. आणि लढाई सभागृहात कमी, अध्यक्षांच्या दालनात, निवडणूक आयोगात आणि सुप्रीम कोर्टात जास्त. आता सांगा, नव्या सिरीजमध्ये विधानसभा अध्यक्ष हे मुख्य पात्र कधी बघितलंय? खऱ्या राजकारणात गेल्या काही वर्षांत सगळ्यात महत्त्वाची खुर्ची तीच आहे, पण लेखकाला अजूनही बंदुका आणि फार्महाऊस हवंय.

अर्धवटराव

तात्या, हे वाचून मी नागरिकशास्त्राच्या पेपरात पास होईन बहुतेक.

कारकून

तात्यांशी पूर्ण सहमत. अध्यक्षाचं पात्र म्हणजे काहीही न करता सगळं करणारा माणूस. सुनावणी पुढे ढकलणे हे एक संपूर्ण नाटक आहे, पाच अंकी.

प्रशासक

चालू पक्ष आणि चालू नेत्यांवर जपून. आधीच्या दोन प्रतिसादांना प्रकाटाआ (‘प्रतिसाद काढून टाकला आहे’) करावं लागलंय. विषय काल्पनिक पात्रांचा आहे, तिथेच रहा.

अर्धवटराव

बारा म्हणालो होतो, बाराच्या आसपासच प्रशासक आले. पैज कोण देतंय?

भुईचक्र

मी ‘झेंडा’साठी मत देतो, आणि कारण वेगळं आहे. सगळ्यांनी त्या वेळी त्यात नेते ओळखायचा खेळ केला, हा म्हणजे राज, तो म्हणजे उद्धव. २००६ ला मनसे झाली, २०१० ला सिनेमा आला, ओळखायला काय डोकं लागतं? नारायण राणेंच्या समर्थकांनी एका पात्रावर आक्षेप घेतला म्हणून प्रदर्शनाच्या वेळी केवढा गोंधळ झाला होता. पण त्यात नेते हा मुद्दाच नव्हता हो. अवधूत गुप्तेंनी जे पकडलं ते म्हणजे खालचा पोरगा. नेते वेगळे झाले की त्यांना दोन पक्ष मिळतात, पोराचा मात्र मित्र जातो.

मी स्वतः कॉलेजात असताना सतरंज्या उचलल्यात, बॅनर बांधायला रात्री खांबावर चढलोय. बॅनरवर कोणाचा फोटो किती मोठा, यावरून आमच्याकडे हाणामारीपर्यंत जायचं. सर्वोच्च नेते वरच्या कोपऱ्यात गोलात, मधे स्थानिक दादा पूर्ण आकारात, गॉगल घालून, आणि खाली आम्ही स्टॅम्पसाईझ बत्तीस जण. आमच्या इथे दोन गट पडले तेव्हा पहिला प्रश्न विचारधारेचा नव्हता, छापून आलेल्या बॅनरवरच्या वरच्या एका गोलाचं काय करायचं हा होता. शेवटी त्या गोलावर पक्षाच्या चिन्हाचा स्टिकर लावला. कडेने कान दिसत होते.

हे कुठल्या सिनेमात आलंय? ‘झेंडा’ त्याच्या जवळपास जातो म्हणून मला तो ‘सरकार’पेक्षा कैक पटीने खरा वाटतो.

रातकिडा

कडेने कान दिसत होते =)) =))

सरकारराज

भुईचक्रभाऊ, ‘सरकार’ला उगाच मधे ओढू नका. २००५ ला अमिताभ गॅलरीत येऊन उभा राहिला तेव्हा सगळं थिएटर उभं होतं. सुभाष नागरे म्हणजे कोण हे सांगायलाच लागलं नाही, याला म्हणतात पात्र!

भुईचक्र

अहो पण तो निम्मा बाळासाहेब आणि निम्मा गॉडफादर आहे, रामगोपाल वर्माने स्वतः ते लपवलेलं नाही. आणि जो निम्मा बाळासाहेब आहे त्यातून काय गायब आहे सांगू? विनोद. बाळासाहेब व्यंगचित्रकार होते, भाषणात लोकांना हसवून हसवून मारायचे, नकला करायचे. नागरे दोन तासात एकदा तरी हसवतो का? बशीतून चहा पितो आणि अंधारात बघतो. ज्या गोष्टीने खरा माणूस लोकांना खेचायचा तीच काढून टाकली आणि दरारा तेवढा ठेवला. दरारा दाखवणं सोपं असतं.

सरकारराज

हा मुद्दा मान्य नाही, पण उत्तर सुचत नाहीये, उद्या लिहितो.

सुमेधा_क

भुईचक्र, अगदी! आपल्याकडच्या बहुतेक यशस्वी पुढाऱ्यांचं भांडवल विनोद होतं आणि आहे. पण पडद्यावर विनोद फक्त बावळट पुढाऱ्याला देतात, हुशार पुढारी कायम गंभीर.

परदेशस्थ

इंग्रजीत हुशार आणि विनोदी दोन्ही आहे की, ‘येस मिनिस्टर’. त्यात मंत्री जिम हॅकरचा पक्ष कुठला हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. लेखकांना सरकारच्या आतल्या माणसांकडून किस्से मिळायचे, आणि खुद्द मार्गारेट थॅचर त्या मालिकेच्या इतक्या भक्त की १९८४ ला त्यांनी त्याच नटांबरोबर एक छोटं प्रहसन करून दाखवलं. म्हणजे ज्यांच्यावर टीका त्याच टाळ्या वाजवतायत. आपल्याकडे २००१ ला ‘जी मंत्रीजी’ नावाने हिंदीत आलं होतं, फारुख शेख होते.

पण मला लिहायचंय ते उलट्या प्रवासाबद्दल, धागालेखकांनी सुरुवातीला छेडलंय ते. अमेरिकेतल्या ‘द वेस्ट विंग’मध्ये मॅट सँटोस नावाचा अल्पसंख्याक समाजातला तरुण उमेदवार दाखवला. लेखक एली अ‍ॅटीने पात्र रचताना ओबामांच्या सल्लागाराला, डेव्हिड अ‍ॅक्सलरॉडला फोन करून माहिती घेतली होती. तेव्हा ओबामा राष्ट्रीय राजकारणात जेमतेम आलेले. पात्र आधी निवडून आलं, माणूस २००८ ला. डेन्मार्कच्या ‘बोर्गेन’मध्ये २०१० ला पहिली महिला पंतप्रधान दाखवली, ऑक्टोबर २०११ ला हेले थॉर्निंग-श्मिट खरोखर झाल्या. आणि सगळ्यांवर कडी युक्रेनची. २०१५ ला झेलेन्स्कीने मालिकेत अचानक राष्ट्राध्यक्ष झालेला इतिहासाचा मास्तर केला, मालिकेच्याच नावाचा पक्ष निघाला आणि २०१९ ला दुसऱ्या फेरीत सुमारे ७३ टक्के मतं घेऊन स्वतः राष्ट्राध्यक्ष! आता त्याच्यात आणि पात्रात कोण कोणाची नक्कल?

तात्या_टीकाकार

परदेशस्थ, त्यात नवल ते काय, आंध्रात हे कधीच होऊन गेलं. एन. टी. रामाराव पडद्यावर आयुष्यभर कृष्ण आणि राम झाले, मार्च १९८२ ला पक्ष काढला, जानेवारी १९८३ ला मुख्यमंत्री. तामिळनाडूत एमजीआर तर गरिबांचा कैवारी हीच भूमिका वर्षानुवर्षं करत होते, १९७२ ला द्रमुकमधून काढले गेले, १९७७ ला मुख्यमंत्री. तिथे मतदाराने माणसाला मत दिलं की भूमिकेला, हे वेगळं काढताच येत नाही. एमजीआर आणि करुणानिधींच्या दोस्तीदुश्मनीवर मणिरत्नमचा ‘इरुवर’ आहे, १९९७ चा. नावं न घेता. मला विचाराल तर भारतीय सिनेमात राजकीय मैत्री तुटताना इतकी नीट कोणी दाखवली नाही.

मराठीत हे का झालं नाही, हा मात्र विचार करण्यासारखा प्रश्न आहे. आपले लोकप्रिय नट पुढाऱ्यांच्या भूमिका करायचे ते खलनायक म्हणून. निळूभाऊंना कोण मत देणार?

निळूभक्त

मी देणार!!

मनवा

‘बोर्गेन’चा विषय निघालाच आहे तर. १९६० पासून महाराष्ट्रात एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. जयललिता, ममता, मायावती, सुषमा स्वराज, शीला दीक्षित, वसुंधरा राजे, सगळीकडे झाल्या, पुरोगामी महाराष्ट्रात नाही. पडद्यावर मात्र ‘सिटी ऑफ ड्रीम्स’मध्ये प्रिया बापटची पूर्णिमा गायकवाड तिथपर्यंत जाते. कधी कधी वाटतं की आपण सिरीजमध्ये बघून समाधान मानून घेतोय.

आणि बाई सत्तेत दाखवायची म्हटलं की लेखकाला तिचा घटस्फोट, प्रेमप्रकरण, मूल यांचंच भांडवल करायचं असतं. पुरुष नेत्याची बायको स्वयंपाकघरातून एकदा बाहेर येते आणि प्रश्न मिटतो. ‘आँधी’पासून हेच चालू आहे. सुचित्रा सेनच्या केसातली पांढरी बट बघून सगळ्यांना इंदिराबाई दिसल्या, पण इंदिराबाईंच्या राजकारणातलं त्यात किती आहे? बँकांचं राष्ट्रीयीकरण नाही, पक्षफूट नाही, काही नाही. आहे ती नवऱ्याला सोडून आलेल्या बाईची हुरहुर. गाणी माझीही आवडती आहेत, तो मुद्दा नाही.

सुमेधा_क

मनवा, तरीही आणीबाणीत बंदी घातलीच ना! नुसतं साम्य दिसलं तरी सहन झालं नाही. आणि ‘किस्सा कुर्सी का’चं तर काय झालं, अमृत नाहटांच्या सिनेमाच्या प्रिंट्सच जाळल्या. त्या खटल्यात १९७९ ला संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा झाली, पुढे वरच्या कोर्टात सुटले. त्याच्या शेजारी ‘सिंहासन’ ठेवून बघा. मुख्यमंत्र्याची खुर्ची हलवणाऱ्या सिनेमाला मंत्रालयात चित्रीकरण करायला मिळालं, आणि तेव्हा मुख्यमंत्री होते पवार!

रातकिडा

म्हणजे धागालेखकांच्या दाभाडेनेच लोकेशन दिलं. आता तर मी गोंधळलोय.

गावठी_विश्लेषक

‘घाशीराम कोतवाल’ कोणीच काढलं नाही अजून? १९७२ चं नाटक, पात्र पेशवाईतलं, घाशीराम मेला १७९१ ला, आणि प्रेक्षक म्हणाले हे तर आत्ताचं आहे. कोणाला त्यात तेव्हाच्या मुंबईतली सेना दिसली, कोणाला तिला मोठं करणारे काँग्रेसवाले. माझ्या मते पुढाऱ्याचा यापेक्षा खरा फोटो नाही. नाना फडणवीस खुनी नाही, ओरडत नाही, त्याने फक्त एक माणूस पुढे केला आणि नको झाला तेव्हा गर्दीच्या ताब्यात दिला. प्रत्येक पक्षात हे होतं. पुढे केलेल्या माणसाला शेवटपर्यंत वाटत असतं की आपणच चालवतोय.

कारकून

गावठी, मानलं. नानाने लेखी काही दिलं नव्हतं, हे लक्षात घ्या. फक्त पीएचा फोन!

विंगेतून (धागालेखक)

धागा इतका पळेल वाटलं नव्हतं. काही उत्तरं देतो.

रातकिडा, दाभाडेने लोकेशन दिलं ही थिअरी मी यापुढे स्वतःची म्हणून सांगणार आहे. भुईचक्र, कान दिसत असलेला बॅनर डोळ्यापुढून जात नाहीये. सुमेधाताई, मास्तर-हिंदुराव एकाच अंगात, यावर खरंच कोणीतरी लिहावं. माझ्या मूळ मताला तुमच्या उदाहरणाने आधारच मिळतो, कारण खरी माणसं एका पात्रात मावत नाहीत आणि पात्रं एका माणसात.

पण तात्यांच्या मुद्द्यावर मी थोडा अडलोय. कायदा बदलला, आकडे बदलले, मान्य. पण ‘सिंहासन’ची सुरुवात एका निनावी फोनने होते, मुख्यमंत्र्याला सांगितलं जातं की तुझ्याविरुद्ध कट शिजतोय. तिथून पुढे तो ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे संशयाने बघतो. हे कुठल्या घटनादुरुस्तीने बदललं? दोन तृतीयांश माणसं हॉटेलात नेईपर्यंत पहिला फोन कोणाला तरी गेलेला असतोच. मला तो भाग अजून ताजा वाटतो. जो भाग जुना झालाय तो दिगू टिपणीस. सगळ्यांशी ओळख असलेला, कोणाचाच नसलेला, सगळं कळून काहीच न करू शकणारा पत्रकार. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. आजचा दिगू एवढं सगळं कळल्यावर रात्री नऊला चॅनलवर बसेल आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांवर सोडून देईल. हसणार नाही.

तात्या_टीकाकार

संशय जुना होत नाही, कबूल. पण तुम्ही डिकास्टाला विसरलात. सतीश दुभाषींनी केलेला कामगार पुढारी. तो आज पूर्ण नामशेष झालेला प्राणी आहे. जॉर्ज फर्नांडिस १९६७ ला स. का. पाटलांना मुंबईत पाडतात, १९७४ ला देशभरची रेल्वे थांबवतात. १९८२ ला दत्ता सामंत अडीच लाख गिरणी कामगारांना संपावर नेतात. त्यानंतर गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते दिसतंच आहे. डिकास्टा आज दाखवला तर पोरांना तो काल्पनिक वाटेल, आणि त्या काळात तो सिनेमातला सगळ्यात खरा माणूस होता.

भुईचक्र

आज डिकास्टाच्या जागी बिल्डर येईल. संवाद तेच चालतील.

सरकारराज

उद्या लिहितो म्हणालो होतो. नागरे हसत नाही कारण त्याचा मोठा मुलगा तसला आहे. कोण हसेल?

रातकिडा

हा अख्ख्या धाग्यातला सर्वोत्तम बचाव आहे.

सुमेधा_क

सगळ्यांची यादी वाचली आणि एक माणूस कोणालाच आठवला नाही याचं आश्चर्य वाटलं. बाबासाहेब भोसले! जानेवारी १९८२, सिमेंट प्रकरणात हायकोर्टाचा निकाल गेल्यावर अंतुले पायउतार होतात, मोठे मोठे रांगेत उभे, आणि दिल्लीहून नाव येतं ते या गृहस्थांचं. वर्षभर मुख्यमंत्री, सगळा पक्ष वैतागलेला, आणि हे बसून कोट्या करतायत. ‘बंडोबांचे थंडोबा’ त्यांच्याच नावावर जमा आहे. जो माणूस खुर्चीवर बसून खुर्चीचीच टिंगल करतो असं पात्र मराठीत एकही नाही. अशोक सराफांनी साठीत असताना काय केलं असतं या भूमिकेचं!

अर्धवटराव

दिग्दर्शक मी. फायनान्सर शोधा. कारकूनकाकांनी जरा एक फोन करावा, पत्र नको.